कॉलेजचा खर्च कोणाच्या सातबाऱ्यावर?

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे मार्क हाती आले, की कर्जत-खालापूरकडच्या शेतकरी घरांत दोन आकडे शेजारी शेजारी मांडले जातात. एक आकडा इंजिनिअरिंगच्या किंवा फार्मसीच्या चार वर्षांच्या खर्चाचा. दुसरा, रस्त्यालगतच्या गुंठ्याला दलाल देऊ म्हणतो त्या भावाचा. पोरगं कुठे जाणार हे बऱ्याचदा या दोन आकड्यांवर ठरतं, मार्कांचा विचार त्यानंतर होतो. मुंबई-पुण्यातलं नोकरदार घर हाच प्रश्न पगारातून, पीएफमधून किंवा कर्जाच्या हप्त्यातून सोडवतं. इथे तो भाताच्या जमिनीला बांधलेला आहे. म्हणूनच ‘एवढं शिकून काय मिळणार?’ असं म्हणणाऱ्या आजोबांना मागासलेलं ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. ते जमीन आणि पदवी या दोन गोष्टींचा मेळ घालू पाहताहेत, आणि त्यांनी दोन्हींचे भाव बदलताना पाहिले आहेत.

पण या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती बहुतेक वेळा बोलली जात नाही. कॉलेजचा खर्च कोणी केला आणि त्याचा लाभ कोणाला झाला? या दोन तालुक्यांपुरतं बोलायचं तर याचं उत्तर गेल्या दीडशे वर्षांत निदान चार वेळा बदललं.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. १८५६ साली आगगाडी पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आली. पुढे बोरघाट फोडायचं काम सुरू झालं, आणि १८६१च्या सुमारास त्यावर चाळीस हजारांहून जास्त माणसं राबत होती. घाट खुला झाला १८६३मध्ये. त्याआधी एक वर्ष, १८६२ साली, मुंबई विद्यापीठातून पहिले बी.ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. घाटात सुरुंग लावणाऱ्या मजुराचा त्या पदवीदान समारंभाशी काही संबंध होता का? होता. सरकारी महाविद्यालयं सरकारच्या तिजोरीतून चालत होती, आणि तिजोरीत मोठा वाटा शेतसाऱ्याचा होता. त्याच दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला गेला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवला गेला. म्हणजे कर्जतचा भातकरी शाळेसाठी पट्टी भरत होता, शिवाय साऱ्यातून कॉलेजलाही हातभार लावत होता. शाळा त्याच्या गावात असेलच असं नव्हतं, आणि कॉलेज तर दृष्टीच्या टप्प्यातही नव्हतं.

हे अन्यायाचं गणित सर्वांत आधी स्पष्टपणे मांडलं ते जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितलं, की साम्राज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, आणि सरकार मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर सढळ हाताने खर्च करतं. बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष होतं. या निवेदनाचा एवढाच भाग नेहमी सांगितला जातो. त्याच निवेदनात फुल्यांनी असंही बजावलं होतं, की सरकारने शाळा-महाविद्यालयांतून अंग काढून घेतलं तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल. रयतेच्या पैशावर चालणारं कॉलेज बंद करा, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पैसा जिच्याकडून घेता त्या रयतेची मुलं आधी शाळेत येऊ द्या, हे त्यांचं मागणं होतं. त्याच वर्षी छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये कर्जत ठाण्यातला तालुका म्हणून येतो, आणि खालापूर त्याखालचा पेटा म्हणून. भात, जंगल, कोळसा, रेल्वे यांनी ती पानं भरलेली आहेत. तिथला शेतकरी कोणाच्या शिक्षणाचा खर्च उचलत होता, याची नोंद घ्यायची कोणाला गरज वाटली नव्हती.

पदवीचा लाभ या तालुक्यात ठळकपणे उतरला तो एका माथेरानकराच्या रूपाने. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२चा. घर गरीब, नाभिक समाजातलं. माथेरानला शाळा चार इयत्तांच्या पुढे जात नव्हती, म्हणून पुण्याला नातलगांकडे राहून शिकणं, पुढे कॉलेज, वकिलीची पदवी. त्या काळात अशा घरातला मुलगा वकील होणं म्हणजे काय झालं असेल, हे समजायला इतिहासाची पुस्तकं लागत नाहीत. घराने त्याच्या कमाईची वर्षं सोडून दिली, आणि नातलगांनी आपल्या पानातलं त्याला वाढलं.

वकिली करून कोतवाल मुंबईत किंवा पुण्यात स्थिरावले असते तर घराचा खर्च वसूल झाला, असं कोणीही म्हटलं असतं. ते परतले. कर्जत तालुक्यात गावोगाव स्वयंसेवी शाळा काढल्या. सावकाराच्या दारात उभं राहायची वेळ येऊ नये म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारं उभी केली. कुळांच्या बाजूने उभे राहिले. १९४२च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. टाटांची खोपोली आणि भिवपुरीची वीजघरं याच परिसरातली. मुंबईच्या गिरण्या या डोंगरावरच्या पावसाच्या पाण्यावर चालत होत्या, आणि ती नस कुठे आहे हे इथल्या माणसांना नेमकं ठाऊक होतं. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मरण आलं. कोतवाल तेव्हा तीस वर्षांचे होते.

मिळकतीच्या भाषेत ही पदवी बुडीत खात्यात जाते. पण ती तालुक्याच्या हिशेबात धरली तर? सावकाराच्या दारात न गेलेली घरं आणि अक्षर ओळखणारी पोरं कोणत्या रकान्यात मांडायची? मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे दिसते. खर्च एका नाभिक घराने आणि त्याच्या नातलगांनी केला, आणि फायदा अख्ख्या तालुक्याने घेतला. शिक्षणाचा फायदा असाच सांडतो, आणि म्हणूनच त्याची किंमत एकट्या घराने भरावी हे मला मुळातच चुकीचं वाटतं.

सरकारला हे पटायला लागलं होतं, निदान काही प्रमाणात. १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या; डॉ. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. त्याच वर्षी अमेरिकेने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांची कॉलेजची फी सरकारी तिजोरीतून भरायचा कायदा केला आणि तिथल्या कामगारवर्गाची पोरं प्रथमच मोठ्या संख्येने विद्यापीठात गेली. आपल्याकडे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९-६०च्या सुमारास, वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची फी माफ झाली. जातीची अट नव्हती. ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास) ही तीन अक्षरं तेव्हापासून मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यात आली, ती आजपर्यंत टिकून आहेत. डी. एस. कोठारी यांच्या आयोगाने १९६६मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असं सांगितलं. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्याकडचेच. तो ६ टक्क्यांचा आकडा २०२०च्या शैक्षणिक धोरणातही पुन्हा लिहावा लागला, यावरून मधल्या काळात काय झालं ते कळतं.

फी माफ झाली तरी कॉलेज होतं कुठे? अलिबागला जे.एस.एम. कॉलेज १९६१ला निघालं, उल्हासनगरचं आर. के. तलरेजाही त्याच वर्षी, पनवेलचं रयत शिक्षण संस्थेचं महात्मा फुले कॉलेज १९७०मध्ये, कल्याणचं बिर्ला कॉलेज १९७२मध्ये. कर्जत-खालापूरच्या मुलांसाठी कॉलेज म्हणजे लोकल. कर्जतहून मुंबईचं टोक शंभर किलोमीटरवर, खोपोलीहून त्याहून दूर. या भागाचं हे वेगळेपण आहे: सगळा ग्रामीण तालुका, पण फलाटावर मुंबईची लोकल उभी. पहाटेची गाडी पकडायला पाड्यावरून किंवा आतल्या गावातून चालत निघायचं, संध्याकाळी परत. फी शून्य असली तरी दिवस पुरा जातो, आणि भातलावणीच्या दिवसांत घरातले दोन हात कमी होतात. रेल्वे आज मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज असा मासिक पास मोफत देते. शिक्षणावरच्या चर्चेत या पासाचं नाव क्वचितच येतं. वांगणी ते खोपोली या पट्ट्यात मुलींच्या पदव्यांमागे त्याचा वाटा मोठा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

याच काळात कॉलेजला एक जबर प्रतिस्पर्धी उभा राहिला: कारखाना.

खोपोलीत वीज होती, पाणी होतं, रेल्वे होती, मुंबई-पुणे रस्ता होता. १९६०च्या दशकात महिंद्रा युजीनचा पोलादाचा कारखाना आला. रसायनीला केंद्र सरकारची हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स (एचओसी), १९६० साली स्थापन झालेली. खोपोलीच्या वीजघरातून सुटणारं पाणी पाताळगंगेत येतं, आणि त्या पाण्यावर खाली सगळी औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९८२मध्ये रिलायन्सचा पॉलिस्टरचा कारखानाही तिथेच आला. आता घरातलं गणित पाहा. एक मुलगा दहावीनंतर आयटीआयचा फिटर किंवा वेल्डर झाला, १९६१च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याखाली वर्षभर अप्रेंटिस राहिला, आणि नशीब असेल तर ‘पर्मनंट’ झाला. पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, कँटीन, काही ठिकाणी वसाहतीत खोली. त्याच घरातला दुसरा मुलगा लोकलने बी.ए. करत राहिला आणि पदवी घेऊन घरी बसला. दोघांत शहाणा कोण, हे गावाला सांगायची गरज नव्हती. लग्नाच्या बाजारात ‘एचओसीत आहे’ हे दोन शब्द पदवीपेक्षा वजनदार होते. त्या पिढीने कॉलेजला महाग म्हटलं, आणि बरोबर म्हटलं. चार वर्षं कॉलेजात घालवणं म्हणजे चार वर्षांची सर्व्हिस गमावणं.

त्या पर्मनंट माणसाचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. त्याच्या कौशल्याचा खर्चही त्याच्या घराने केलेला नव्हता. आयटीआय सरकारचा, अप्रेंटिसशिप कारखान्याची. शिकायचा काळ मालकाच्या आणि सरकारच्या खात्यात होता, म्हणून ते शिक्षण ‘परवडलं’.

वळण आलं १९८३ साली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. सरकारकडे पैसा नाही, मागणी प्रचंड, मुलं डोनेशन भरून कर्नाटकात जातात, तर खाजगी संस्थांना विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयं काढू द्या, असा निर्णय झाला. त्यातून महाराष्ट्रात हजारो मुलं इंजिनिअर झाली, ज्यांना एरवी जागाच मिळाली नसती. हे नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण त्या दिवशी बिल सरकारच्या टेबलावरून उचललं गेलं आणि घराच्या उंबऱ्यावर ठेवलं गेलं. १९५९ला जे झालं होतं त्याच्या बरोबर उलट.

पुढची वीस वर्षं न्यायालयं हे बिल वाटून देण्याचा प्रयत्न करत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९२मध्ये मोहिनी जैन प्रकरणात कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. १९९३मध्ये उन्नीकृष्णन प्रकरणात ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ अशी विभागणी आली: निम्म्या जागा गुणवत्तेवर अल्प फीत, उरलेल्या जागांची फी जास्त, आणि तिच्यातून पहिल्यांचा तोटा भरून काढायचा. मला ही योजना आजही विलक्षण वाटते. शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या वडिलांनी आपल्याही मुलाची फी भरली आहे, हे तेव्हा अनेक घरांना ठाऊकसुद्धा नव्हतं. ती रचना त्रासदायक होती, तिच्यात पळवाटा होत्या, आणि फ्री सीटवर पुष्कळदा शहरातली चांगल्या क्लासची मुलंच बसत होती. २००२च्या टी.एम.ए. पै निकालाने ती मोडीत निघाली. २००५च्या इनामदार निकालाने खाजगी संस्थांवर सरकारी कोटा लादता येणार नाही असं ठरलं. आता फी ठरवायला प्राधिकरण आहे, पण जी ठरेल ती प्रत्येकाने आपापली भरायची. मागासवर्गीयांची प्रतिपूर्ती, ईबीसीची सवलत हे ज्याला लागू असेल त्याने महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करून मिळवायचं.

याच काळात कॉलेज अखेर दारात आलं. खोपोलीत कला-विज्ञान-वाणिज्य महाविद्यालय आधीच होतं. १९९४मध्ये कर्जतला कोकण ज्ञानपीठाचं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. मग भिवपुरी रोडजवळ, पुढे खालापूर तालुक्यात कुंभिवलीला, अशी अभियांत्रिकी, फार्मसी, व्यवस्थापन यांची महाविद्यालयं उभी राहिली. रसायनीला २००९मध्ये पिल्लईज एचओसी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. त्याच्या नावातली ती ‘एचओसी’ म्हणजे तोच कारखाना, ज्यात चिकटलेल्या मुलाला मुली सांगून येत. २०१७मध्ये केंद्र सरकारने त्या कंपनीचे रसायनीचे तोट्यातले प्रकल्प बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखाना थांबला, त्याचं नाव लावणारं कॉलेज चालू आहे. या दोन तालुक्यांतल्या मागच्या अर्ध्या शतकाची गोष्ट या एका पत्त्यावर वाचता येते. जेव्हा पर्मनंट नोकरी होती तेव्हा कॉलेज दूर होतं. कॉलेज जवळ आलं तोपर्यंत गेटवर लेबर कॉन्ट्रॅक्टर उभा होता, आणि डिप्लोमावाल्यालाही अकरा महिन्यांचं पत्र मिळू लागलं होतं.

म्हणून आता पदवी टाळूनही भागत नाही. मार्च २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील रोजगारावरच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अहवालानुसार २०२२मध्ये तरुण पदवीधरांमध्ये बेकारी २९.१ टक्के होती, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. हे आकडे दाखवून ‘बघा, शिकून बेकारच’ असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांनी जरा थांबावं. न शिकलेला तरुण बेकार राहूच शकत नाही. त्याला मिळेल त्या रोजावर जावं लागतं, फार्महाऊसवर माळी म्हणून, बांधकामावर, वॉचमन म्हणून रात्रपाळीला. पदवीधर काही महिने थांबतो, कारण त्याच्यामागे थांबायची ऐपत असलेलं घर आहे, आणि त्या घराने एवढा खर्च केल्यावर कुठल्याही कामाला लागणं त्याला जड जातं. २९ टक्क्यांच्या त्या आकड्यात निराशा आहे, पण पदवी निरुपयोगी असल्याचा पुरावा त्यात नाही. शिकलेल्याला काम देण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही, एवढंच तो सांगतो.

आणि जमीन? राजनाला कालव्याच्या पाण्यावर कर्जतमध्ये उन्हाळी भात होतो. १९१९पासून इथे भात संशोधन केंद्र आहे, ‘कर्जत’ नावाची वाणं कोकणभर पेरली जातात. ती दुबार जमीन गुंठ्यागुंठ्याने जाते आहे. द्रुतगती मार्गाने खालापूर मुंबईच्या जवळ आणलं, विमानतळाने पनवेलकडचे भाव वाढवले, आणि शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी गिऱ्हाईक तयार आहे. बँकांच्या २००१च्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण नव्हतं, पण विनाअनुदानित पदवीचा फी, हॉस्टेल, खाणं मिळून खर्च त्याच्या पुढे सहज जातो. मग सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढवण्यापेक्षा शेतकरी बाप तुकडा विकणं पसंत करतो. एकदाच दुखतं म्हणतो. ज्या तुकड्यावर तीन पिढ्या जेवल्या, तो चार वर्षांच्या सेमिस्टर फीत संपतो. पदवी घेतलेला मुलगा पुण्याला किंवा हिंजवडीला जातो, त्याच्या कामाचा फायदा देशाला होतो, त्याच्या कंपनीला होतो, तो जो कर भरतो त्यातून सगळ्यांना होतो. जमीन मात्र एकाच घराची गेली. फुल्यांच्या काळी रयत दुसऱ्याच्या मुलांचं कॉलेज भरत होती. आता आपल्याच मुलाचं भरते, पण जमीन देऊन. दोन्ही वेळा पैसा खालून वर गेला.

राज्य सरकारने ८ जुलै २०२४च्या निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण भरायचं ठरवलं. १९५९नंतर एवढं मोठं पाऊल मी पाहिलेलं नाही, आणि त्याचं मनापासून स्वागत करायला हवं. कर्जत तालुक्यातल्या कळंब-पाथरजकडच्या मुलीला मात्र अजून एसटी, हॉस्टेल आणि मेसचे पैसे लागतातच.

पाथरजच्या पलीकडे ठाकर आणि कातकरी पाडे आहेत. तिथे विकायला गुंठा नसतो. असला तरी आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायला १९७४पासून कायद्याने सरकारी परवानगी लागते, आणि ते संरक्षण योग्यच आहे. त्या घरात कॉलेजची किंमत फीत मोजत नाहीत. दिवाळीच्या सुमारास वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम ‘उचल’ देतो, आगाऊ रक्कम, आणि ती घरात किती हात कामाला येणार यावर ठरते. सतरा-अठरा वर्षांचं पोरगं आश्रमशाळेतून बारावी झालं आणि कॉलेजला राहिलं, तर उचलीतून त्याचे हात वजा होतात. घर तेवढ्याने कमी खातं. त्याची फी माफ आहे, शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात जागा नसेल तर स्वयं योजनेतून राहण्याजेवण्याचे पैसेही मंजूर होतात. पण शिष्यवृत्ती पडताळणी, मंजुरी, आधार जोडणी यांतून खात्यावर येईपर्यंत वर्ष सरत येतं, आणि उचल आश्विनातच हातावर पडते. पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाने शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता दसऱ्याआधी खात्यावर घातला, तर या पाड्यांवरच्या अनेक घरांत हिशेब कॉलेजच्या बाजूने झुकेल. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, नवी योजना लागणार नाही. तीच रक्कम चार महिने आधी लागेल.